केबल सोडण्यापूर्वी एवढे पाहा

सध्या स्टाफरूममध्ये परीक्षा आणि पाऊस यांच्या जोडीला एक प्रश्न हमखास निघतो, "तुम्ही केबल काढली की अजून आहे?" काढलेल्यांचा सूर विजयी असतो, न काढलेले थोडे ओशाळतात. पण नेमके काय घेतले, महिन्याला किती पडते, असे खोदून विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच, "मुलाने ऑनलाइन मागवले." घरात रोज चार-पाच तास चालणाऱ्या वस्तूचा निर्णय असा परस्पर व्हावा, हे मला पटत नाही. मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे हिशेब आलाच. पण आपल्या सीमाभागात हा प्रश्न हिशेबावर संपत नाही.

आधी भाषा, मग यंत्र

१ फेब्रुवारी २०१९ पासून 'ट्राय'च्या नियमांमुळे वाहिन्या निवडून तेवढ्यांचेच पैसे भरण्याची सोय झाली. कागदावर निवड ग्राहकाची. प्रत्यक्षात बहुतेक घरे तयार पॅक घेतात आणि पॅक त्या त्या राज्याच्या भाषेभोवती बांधलेले असतात. म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी घराने कन्नड पॅक घ्यायचा आणि मराठी वाहिन्या वर पैसे भरून जोडायच्या. कन्नडशी आपले वैर नाही. आमच्या घरी सकाळी कन्नड बातम्या लागतात आणि रात्री मराठी मालिका. पण घरची भाषा 'जादा' सदरात मोजावी लागते, हे खटकतेच.

इंटरनेटवरून येणाऱ्या कार्यक्रमांना राज्याची हद्द नाही. पुण्यातल्या घरात जे ॲप चालते तेच बेळगावात, इंदुरात आणि बडोद्यात चालते. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर आहेत, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन ॲप एकत्र होऊन जिओहॉटस्टार झाले, तेव्हापासून स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचे कार्यक्रम एकाच ठिकाणी आले. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्ह्ज' हे ॲप सुरू केले, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या आहेत. तेव्हा दुकानात जाण्याआधी एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नेहमीचे कार्यक्रम लिहा आणि पुढे ते कोणत्या ॲपवर आहेत ते लिहा. ही यादी झाली की निम्मे काम झाले. थेट चालू वाहिनी हवी आहे की मालिकेचे भाग नंतर पाहिले तरी चालतील, हेही त्यातच ठरवा.

कोणते यंत्र कोणासाठी?

ही यंत्रे साधारण तीन प्रकारची. पहिली, टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसणारी काडीएवढी 'स्टिक'. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक आपल्याकडे २०१७ पासून मिळते. २०२५ मध्ये या कंपनीने काही नव्या स्टिकसाठी अँड्रॉइडवर आधारलेली जुनी प्रणाली सोडून 'वेगा' ही स्वतःची प्रणाली आणली. त्यामुळे नाव तेच असले तरी आपल्या यादीतली सगळी ॲप त्या मॉडेलवर आहेत ना, हे विचारूनच घ्यावे.

दुसरा प्रकार गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्हीच्या स्टिक आणि डब्यांचा. शाओमीसारख्या कंपन्यांचे असे नमुने मिळतात. गूगलचे स्वतःचे क्रोमकास्ट मात्र कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केल्याचे जाहीर केले. जुन्या क्रोमकास्टला रिमोटच नव्हता, सगळे मोबाइलवरून चालायचे. घरात आजी-आजोबा असतील तर कोणी कितीही स्वस्तात दिले तरी तसले यंत्र नको.

तिसरा प्रकार इंटरनेट किंवा डिश कंपनीने दिलेल्या सेट टॉप बॉक्सचा. यातल्या काहींत नेहमीच्या वाहिन्या आणि ॲप एकाच रिमोटवर मिळतात. ज्यांना एकदम उडी घ्यायची नाही, त्यांनी हा मधला मार्ग धरावा.

टीव्ही साधा फुल एचडी असेल तर फोर-के यंत्रावर जादा पैसे घालवण्यात अर्थ नाही, चित्र टीव्हीच्या कुवतीइतकेच दिसणार. जुन्या डबा टीव्हीला एचडीएमआय खाच नसते, हेही आधी मागे वाकून पाहा. बाजारात बिननावाचे स्वस्त डबेही दिसतात. मोठ्या ॲपची मान्यता नसल्याने त्यांवर कार्यक्रम लागतो, पण चित्र पुसट येते. 'आयुष्यभर सगळे फुकट' म्हणून विकले जाणारे डबे तर चोरीच्या मालावर चालतात. त्यांच्या वाटेला जाऊच नये.

हिशेब कसा मांडावा?

समजा यंत्र ४,००० रुपयांचे आहे आणि ते तीन वर्षे चालेल. म्हणजे महिन्याला सुमारे १११ रुपये. त्यात ॲपची वर्गणी बारा महिन्यांत विभागून मिळवा. आता इंटरनेट. मुलांच्या अभ्यासासाठी ते घरात आधीच असेल तर त्याचे बिल टीव्हीच्या खात्यात धरू नका, ते तसेही भरावे लागणारच होते. पण केवळ टीव्हीसाठी नवी जोडणी घेत असाल तर तो सगळा खर्च टीव्हीचाच. 'केबलपेक्षा स्वस्त' म्हणणारे बरेच जण नेमका हाच आकडा विसरतात.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवू, असे म्हणणाऱ्यांसाठी एक गणित. एचडी चित्राला तासाला सुमारे ३ जीबी डेटा लागू शकतो. रोजचे चार तास धरले तर महिन्याला ३६० जीबी. दिवसाला दीड-दोन जीबी देणारे मोबाइलचे रिचार्ज तासाभराच्या आत संपेल. वेगाचे म्हणाल तर फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात, पण ते टीव्हीच्या जागी मिळायला हवेत. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर बरी पोचते, ५ गिगाहर्ट्झची वेगवान असली तरी भिंतीपाशी दमते. खरेदीआधी टीव्हीजवळ मोबाइल धरून वेग मोजा, फुकटात उत्तर मिळेल. वीज गेली की राउटरही बंद पडतो. इन्व्हर्टरवर टीव्ही चालत असेल तर राउटरही त्यावरच जोडून घ्या.

आजी, नातू आणि रिमोट

माझ्या सासूबाई केबलचे तीन आकडे पाठ म्हणतात. आकडा दाबला की मालिका सुरू. स्टिकवर आधी ॲप, मग नाव, मग भाग. त्यांनी एकदाच विचारले, "मला काय बघायचं ते मीच शोधायचं होय गं?" प्रश्न साधा वाटतो, पण सगळा बदल त्यात आला.

केबलवर मराठी वाहिनी एकदा लागली की ती सगळ्यांच्या कानावर पडते. शेजारी गृहपाठ करणारा नातू मान वर न करता म्हणी, नात्यांची नावे, सणांचे शब्द उचलतो. शाळेत इंग्रजी आणि कन्नड, गल्लीत मिश्र भाषा. अशा मुलाला अस्सल मराठी एवढ्या सलगपणे ऐकायला मिळते ते आजीकडून आणि आजीच्या टीव्हीवरून. स्टिक ज्याची त्याला आवड पुरवते. मुलाने चार हिंदी कार्टून पाहिली की पाचवेही तसलेच समोर येते. भाषेची हद्द या यंत्राने पुसली हे खरे, पण मराठी आपोआप घरात येण्याची वाटही त्याने बंद केली. आता ती रोज कोणीतरी मुद्दाम लावायला हवी.

म्हणून यंत्र जोडले त्याच दिवशी तीन गोष्टी करून घ्याव्यात. आजीची दोन ॲप पहिल्या ओळीत आणावीत. नको ती बटणे झाकायला रिमोटवर चिकटपट्टी लावावी. मुलांच्या खात्याला पिन घालावा आणि ॲपमध्ये सोय असेल तिथे मराठी भाषा निवडावी. आणि रात्रीचा एक तास सगळ्यांनी मिळून मराठी पाहण्याचा ठेवावा, मग यंत्र कोणतेही असो.

केबलवाल्याचेही थोडे

वादळात तार तुटली की शिडी घेऊन येणारा आणि महिनाअखेरीस "राहू द्या वहिनी, पुढच्या वेळी द्या" म्हणणारा माणूस हेल्पलाइनवर भेटत नाही. आज अनेक गावांत तोच इंटरनेटची जोडणीही देतो. नवी जोडणी घेताना त्याचा दर आधी विचारा. दुरुस्तीला जवळचा माणूस असणे हीसुद्धा किंमत असलेलीच गोष्ट.

शेवटी एकच सांगणे. यंत्र आणले म्हणून त्याच दिवशी केबल कापू नका. एक महिना दोन्ही ठेवा. त्या महिन्यात घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती कोणाला हाक न मारता आपली मालिका लावू लागली, तर केबल खुशाल काढा. नाही जमले, तर त्या जुन्या तारेचे दोन-तीनशे रुपये वाया जाताहेत असे समजू नका.