गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका

मुंबईत अँटॉप हिलपासून जवळच, परळला, टाटा रुग्णालय आहे. १९४१ पासून तेथे कर्करोगावर उपचार होतात. मानेत, काखेत गाठ आलेले खेड्यापाड्यांतले रोगीही तेथे येतात. काहींना लिम्फोमा निघतो. तो होतो कसा?

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. 'बी' पेशी रोगजंतूंशी लढणारी प्रतिद्रव्ये बनवतात. त्यासाठी त्या आपल्याच जनुकांचे तुकडे तोडून पुन्हा जोडतात. क्वचित जोडणी चुकते. आठव्या गुणसूत्राचा तुकडा चौदाव्याला चिकटतो. चौदाव्यावर प्रतिद्रव्यांचा पाट सदा वाहता असतो. मग वाढीच्या जनुकाला पाळीने मिळायचे पाणी अखंड मिळू लागते आणि पेशी वाढतच राहते. बर्किट लिम्फोमात हेच घडते, हे १९८२ साली उमगले. अठराव्याचा तुकडा तेथे आला, तर पेशी वेळेवर मरत नाही.

हा बिघाड बहुधा जन्मानंतर एखाद्या पेशीत होतो. हे पूर्वजांचे पाप नव्हे, की लागण होणारा रोगही नव्हे. रोग्याचे ताट वेगळे मांडू नका.

न दुखणारी गाठ, रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम, घटते वजन दिसले, तर सुगी संपायची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. अनेक लिम्फोमा उपचारांनी बरे होतात.