शिकायची आवड आहे म्हणून सॉफ्टवेअरमध्ये जायचंय? राजीनामा देण्याआधी हे वाचा



"सर, दहा वर्षं अकाउंट्स केलं. आता कोडिंग शिकायला मनापासून आवडतंय. उशीर झाला का?" हा प्रश्न मला हल्ली वारंवार येतो. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

१. उशीर झालेला नाही. अमेरिकेतले क्विन्सी लार्सन शाळा चालवायचे. शिक्षकांचा वेळ कागदी कामात जातोय, हे त्यांना दिसलं. ती कामं आपोआप व्हावीत म्हणून ते तिशीत कोडिंग शिकले. पुढे २०१४ मध्ये त्यांनी 'फ्रीकोडकॅम्प' सुरू केलं, जिथे कोणीही फुकट शिकू शकतं. सुरुवात कुठून झाली बघा: समोरच्या अडचणीतून!

२. आवड तपासून घ्या. व्हिडिओ बघायला आवडणं वेगळं आणि एक राहिलेला कंस शोधत दोन तास बसणं वेगळं. चिडचिड सगळ्यांचीच होते. पण दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटतं का? वाटत असेल, तर आवड खरी.

३. नोकरी सोडू नका, तास काढा. सहा महिने रोज एक तास. हार्वर्डचा 'सीएस५०' हा कोर्स ऑनलाइन मोफत आहे. भाषा एकच धरा. पायथन सुरुवातीला सोपी जाते. दर आठवड्याला नवी भाषा धरली, तर हाती काहीच लागत नाही.

४. आपल्याच धंद्यातलं काहीतरी बनवा. समजा, उधारीची एक्सेल शीट आहे. ती वाचून कोणाची उधारी तीस दिवसांच्या वर गेली, ते सांगणारा छोटा प्रोग्राम लिहा. उधारी, जीएसटी, स्टॉक यांचं दुखणं तुम्हाला आतून माहीत आहे. नुसतं कोडिंग येणाऱ्या नवख्या मुलाकडे ते नसतं. हेच तुमचं भांडवल. आणि एआयने कोड लिहून दिला, तरी हिशेब बरोबर आलाय का, हे ओळखणारा माणूस लागतोच.

५. पैशाचं गणित आधी मांडा. आवडीने घराचा हप्ता भरला जात नाही. क्षेत्र बदललं की पगार सुरुवातीला खाली येऊ शकतो, आणि साहेब वयाने लहान असू शकतो. निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवा. घरच्यांशी आकडे घेऊन बोला. 'नोकरीची शंभर टक्के हमी' म्हणणाऱ्या क्लासकडे अटी लेखी मागा. कर्ज काढून फी भरू नका.

सहा महिन्यांनी तुमचा प्रोग्राम ऑफिसात रोज वापरला जात असेल, तर पुढचं पाऊल टाका. आणि नाही टाकलं, तरी शिकलेलं वाया जात नाही. आहे त्या कामातच तुमची किंमत वाढते.

आज एकच करा: रोज हाताने करावं लागणारं एक कंटाळवाणं काम वहीत लिहून ठेवा. तोच तुमचा पहिला प्रोजेक्ट!