जिभेचा कौल

बिअर! नुसता शब्द छापलेला दिसला तरी कितीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडणारच. दारूपायी घरातली भांडीकुंडी विकली गेलेली आपण पाहिली आहेत. मतदान करून बाटली आडवी करणाऱ्या बायकाही आपल्याच महाराष्ट्रातल्या. तेव्हा बिअरचं कौतुक मी मुळीच सांगणार नाही. सांगायचंय ते बिअर पिणाऱ्या काही माणसांनी केलेल्या एका कामाबद्दल. तेच काम आपण आपल्या भाकरीसाठी का करू नये?

गोष्ट १९७१ सालची, ब्रिटनमधली. तिथे गावोगावी बिअरचे छोटे कारखाने होते, प्रत्येकाची चव निराळी. मग मोठ्या कंपन्या आल्या, छोटे कारखाने गिळले गेले आणि जिथे जावं तिथे सारख्याच चवीची, गॅस भरलेली बिअर मिळू लागली. चार मित्रांना हे काही पटेना. त्यांनी पिणाऱ्यांचीच एक संघटना काढली, ‘कॅम्रा’ नावाची. १९७८ साली या मंडळींनी ‘चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन’ निवडायला सुरुवात केली. पेल्यातली बिअर कुणाची ते सांगायचं नाही. चाखायचं, गुण लिहायचे, बेरीज करायची आणि नंबर लावायचा. पहिला नंबर आला की त्या कारखान्याचं नाव देशभर व्हायचं. जुन्या पद्धतीची बिअर नामशेष होता होता वाचली, त्यात या संघटनेचा वाटा मोठा आहे.

बघा ना, त्यांनी मोर्चे काढलेच, पण त्याहून मोठं काम केलं ते जिभेला काय आवडतं ते आकड्यात मांडण्याचं. ‘आम्हाला आवडत नाही’ असं म्हटलं तर कुणी ऐकत नाही. कागदावर गुण दिसले की ऐकावं लागतं.

आता आपल्याकडे या. १९६४ साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला, सीएसएच-१. कणसं भरघोस, उतारा दांडगा. त्या काळात धान्याची टंचाई होती, त्यामुळे त्याची गरजही होती. पण ‘हायब्रीड’ची भाकरी म्हटलं की जुन्या बायका आजही नाक मुरडतात. थापताना चिरते, गार झाली की वातड होते, असं त्यांचं म्हणणं. शिवाय खरिपाची ज्वारी ऐन काढणीला पावसात सापडली की काळी पडते. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो तर आमच्या सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत. त्या काळात वाण ठरवताना चुलीपुढच्या बाईला किती घरांत विचारलं असेल?

उलट रब्बीची मालदांडी बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला १९३० च्या दशकात ती निवडली गेली आणि अजून तिची जागा कुणी घेतली नाही. ती टिकली ती कडब्याच्या जोरावर, तशीच भाकरीच्या चवीवर. म्हणजे जिभेचा कौल लागतोच, फक्त तो कुणी लिहून ठेवत नाही.

आज तो लिहून ठेवायची गरज जास्त आहे. खरिपात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीन विकायला चांगलं, पण त्याची भाकरी होत नाही! दुसरं म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण आणला. त्यात लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे. किलोमागे लोह साधारण ४५ मिलिग्रॅम, नेहमीच्या ज्वारीत ३० च्या आसपास. उत्तम! पण पोरीने भाकरी ताटात तशीच ठेवली तर ते लोह तिच्या अंगी लागणार कसं? शेवटी गाडी चवीपाशीच येऊन थांबते.

म्हणून आमच्या बचत गटात एका दुपारी आम्ही ज्वारीची परीक्षाच घेतली. मालदांडी, परभणी मोती, परभणी शक्ती आणि बाजारातून आणलेली हायब्रीड, असे चार नमुने. चारही दळणं एकाच दिवशी दळलेली, कारण पीठ जुनं झालं की विरी जातं, चिकटपणा राहत नाही, मग दोष ज्वारीचा की पिठाचा ते कळत नाही. भाकरी थापणारी एकच, तवा एकच. डब्यांवर नाव नाही, नुसते आकडे. कोणत्या आकड्यात कोणती ज्वारी हे एकीलाच ठाऊक, आणि तिने चाखायचं नाही. सोबत कोरड्यास नाही, ठेचा नाही. ठेच्याबरोबर काहीही गोड लागतं! दोन घासांच्या मध्ये घोटभर पाणी. आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं नाही. सासूने मान डोलावली की सुनेचीही डोलते, हे आपल्याला काय नवीन आहे?

गुण द्यायला चिंचोके. सगळ्यात आवडलेल्या भाकरीला चार, मग तीन, दोन, एक. लिहिता न येणाऱ्या बायकांचीही अडचण झाली नाही. विद्यापीठात शिकणाऱ्या मुली यालाच शास्त्रीय नाव देतात आणि एक ते नऊ गुणांचा तक्ता वापरतात.

परीक्षा दोनदा घेतली. एकदा तव्यावरची गरम भाकरी, एकदा फडक्यात बांधून चार तास ठेवलेली. कारण शेतात जाते ती गारच. गरम भाकरीत मालदांडीने अपेक्षेप्रमाणे बाजी मारली. गार भाकरीत मात्र मोती तिच्या पुढे गेली, आणि ‘शक्ती’ला बऱ्याचजणींनी दुसरा नंबर दिला. नावं उघडल्यावर एक आजी म्हणाल्या, “नाव सांगून दिली असती तर मी हातसुद्धा लावला नसता.” एवढ्याशा परीक्षेवरून साऱ्या जिल्ह्याचा निकाल लागत नाही, हे खरंच. पण आमच्या गटापुरतं आम्हाला कळलं.

तेवढ्यात एकजण पटकन बोलली, “ताई, चिंचोके ठेवून काय होणार? बी तर आमचे मालक आणतात.” सगळ्या गप्प झाल्या. खरा प्रश्न हाच आहे. रानात काय पेरायचं ते पुरुष ठरवतात आणि त्याची भाकरी वर्षभर आपण थापतो. पण त्यांच्याही बाजूने बघायला हवं. त्यांना उतारा पाहायचा असतो, जनावरांसाठी कडबा पाहायचा असतो. म्हणून आम्ही कागदावर तीन रकाने केले: भाकरी, कडबा, उतारा. पहिला आपण भरायचा, पुढचे दोन घरातल्या पुरुषांनी. मग वाद न घालता तो कागद समोर ठेवायचा. निदान चार ओळी पेरताना घरच्या भाकरीचा विचार व्हावा, एवढंच मागणं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही हे करून बघा. खर्च म्हणाल तर चार पायली ज्वारी आणि मूठभर चिंचोके. एखादीला वाटलं की सगळ्या ज्वाऱ्या सारख्याच लागतात, तर आणखी एक गंमत आहे. भाकरीचे तीन तुकडे द्या, दोन एका ज्वारीचे, एक दुसरीचा, आणि वेगळा कोणता ते ओळखायला सांगा. हीसुद्धा बिअरवाल्यांचीच युक्ती. १९४० च्या दशकात डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्गच्या कारखान्यात ती वापरली गेली.

परीक्षा दरवर्षी घ्या. पाऊसपाणी बदलतं, जमीन बदलते, चवही बदलते. निकालाची एक वही ठेवा. रब्बीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हा वही त्याआधी घरात वाचली गेली पाहिजे. आणि विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्याला जाल तेव्हा ती पिशवीत टाका. तिथल्या शास्त्रज्ञांना एकरी किती क्विंटल झाली हे सांगणारे पुष्कळ भेटतात. भाकरी चार तासांनी कशी लागली, हे आपणच सांगू शकतो.