बॅटरीवरच्या पिकअपला कॅरियर, हूक व विंच बसवण्यापूर्वी

आपल्या कार्यक्षेत्रातील गावांतून आता बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पिकअप गाड्या दिसू लागल्या आहेत. दूध, भाजीपाला, ऊसरोपांचे ट्रे, ठिबकच्या नळ्यांची बंडले अशा कामांना ही गाडी सोयीची पडते व डिझेलचा खर्च वाचतो, हे खरेच आहे. पण गाडी दारात आली की आठ दिवसांत ती वेल्डिंगच्या दुकानापुढे उभी दिसते. वर कॅरियर, मागे हूक, आणि हौस असेल तर पुढे विंच! डिझेलच्या गाडीला असले उद्योग बऱ्याच अंशी पचून जात. बॅटरीच्या गाडीला ते कुठे नडतात, हे सभासदांनी पैसे घालण्यापूर्वी समजून घ्यावे म्हणून हा लेख.

प्रथम मोबाईलवरच्या चित्रफितींविषयी. अमेरिकेत २०२१ साली रिव्हियन आर-१-टी आणि २०२२ साली फोर्ड एफ-१५० लाइटनिंग या विजेवरच्या पिकअप आल्या. योग्य जोडणीनिशी साडेचार-पाच टनांचा ट्रेलर ओढण्याची मुभा त्यांना कंपनीनेच दिली. ते बघून आपल्याकडची पोरं म्हणतात, "मग आपली का नाही ओढणार?" त्या गाड्यांची मोठी बॅटरी १३० युनिटांच्या घरातली. आपल्याकडे मे २०२२ मध्ये आलेल्या टाटा एस ईव्हीची बॅटरी २१.३ युनिटांची, आणि भार ६०० किलो. म्हणजे सहापटीचा फरक झाला. शिवाय तिकडेसुद्धा मागे उंच डब्याचा ट्रेलर जोडला की एका चार्जिंगमधले अंतर निम्म्याच्या आसपास येते. चित्रफितीत ही गोष्ट कोणी फारशी सांगत नाही.

आता कॅरियर. ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप, पत्रा २ मिलिमीटर जाडीचा धरला तर मीटरला साधारण २.४ किलो भरतो. दणकट सांगाडा करायला ३० मीटर पाइप सहज लागतो. झाले ७२ किलो! भरलेला ४० लिटरचा दुधाचा कॅन पन्नास किलोच्या जवळपास जातो. म्हणजे ६०० किलोच्या गाडीत रोज दीड कॅन दुधाची जागा लोखंडाने खाल्ली, आणि ते लोखंड रिकाम्या खेपेलाही सोबत हिंडणार. म्हणून हवा तेवढाच सांगाडा करावा. जमल्यास अ‍ॅल्युमिनियमचा करावा. पैसे जास्त जातात, पण वजन बरेच उतरते.

वजनाइतकाच वारा छळतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. गावातल्या गावात तिशीच्या वेगाने जाणाऱ्याला उंच कॅरियरचा त्रास फारसा जाणवणार नाही. हायवेने मार्केट यार्डात जाणाऱ्याला मात्र परतताना काट्याकडे बघत यावे लागेल. काम नसेल तेव्हा काढून ठेवता येईल असे बोल्टचे कॅरियर आम्हाला सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्याचा भार हौद्याच्या सांगाड्यावर यावा. केबिनचे टप हे ओझे पेलण्यासाठी केलेले नसते.

सर्वांत जपायचे ते भोक पाडताना व वेल्डिंग करताना. गाडीची मोठी बॅटरी खाली चासीच्या आधाराने बसवलेली असते. नारिंगी रंगाच्या ज्या केबली दिसतात त्यांतून जिवाला धोका होईल इतका दाब असतो. चाबी काढली म्हणजे बॅटरी मेली असे नव्हे. ड्रिलचे टोक आत गेले किंवा वेल्डिंगची आच बॅटरीला लागली तर आग लागू शकते, आणि या बॅटरीची आग विझल्यासारखी होऊन पुन्हा भडकते. वेल्डिंगचा करंट सांगाड्यातून फिरून इलेक्ट्रॉनिक भाग जाळतो तो वेगळाच. तेव्हा कंपनीने ठेवलेल्या भोकांतच बोल्ट बसवावेत, आणि काम त्यांच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच करावे.

हुकाबद्दल थोडक्यात. पुस्तिकेत ओढण्याचे वजन दिलेले नसेल, तर ते शून्य समजावे. गाडीला कंपनीचा जो हूक असतो तो अडकलेली तीच गाडी बाहेर काढण्यापुरता असतो. ट्रॅक्टरच्या पिनेची गणिते इथे लावू नयेत. मागून ट्रेलर ढकलू लागला की एवढ्या हलक्या गाडीचे ब्रेक त्याला पुरे पडत नाहीत. आणखी एक : बॅटरीची गाडी बंद पडली तर मोटारीची चाके जमिनीवर ठेवून दोरीने ओढत नेऊ नये. चाके फिरली की मोटार वीज निर्माण करू लागते व नुकसान होते. सपाट ट्रकवर घालूनच न्यावी.

विंचमध्ये खरी गोम आहे. बाजारातले विंच बहुधा १२ व्होल्टचे, आणि मोठे विंच पूर्ण ताणावर ४०० अँपिअरपर्यंत करंट घेते. मोठ्या बॅटरीला हे काहीच नाही, पण तो करंट तिथून थेट येत नाही. तो येतो १२ व्होल्टच्या लहान बॅटरीतून, आणि तिला भरणारे यंत्र एवढे देऊ शकत नाही. लहान बॅटरी बसली की गाडी चालूच होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचा स्विच ओढायला तीच लागते. विहीर तुडुंब, पण स्टार्टर उचलत नाही, तशातली गत.

बरे, विंच बसवून ओढणार काय? गाळात रुतलेली ट्रॉली? उसासकट दहा टनांची ट्रॉली आसापर्यंत गेली की ती काढायला काही टनांचा ओढा लागतो. भरलेली लहान पिकअप दोन टनांच्या आतबाहेर. ओल्या मातीत तिचे टायर एक टनाचाही ताण धरणार नाहीत. ट्रॉली जागेवर राहील आणि पिकअपच तिच्याकडे सरकत जाईल. आणि तारेचा दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो. पाय तोडतो, जीवही घेतो. ट्रॉलीला ट्रॅक्टरच बोलवावा. पंप किंवा इंजिन हौद्यात चढवण्यासाठी चेन कप्पी आणि लोखंडी तिपाई पुरते. तरीही दोर वापरायचाच असेल तर त्यावर मधोमध ओले पोते टाकावे, ड्रमवर निदान पाच वेढे राहू द्यावेत आणि दोराच्या लांबीइतक्या अंतरात माणूस उभा करू नये.

कायद्याचेही बघावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीवाचून गाडीत असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. जादा भाराचा दंड २०,००० रुपये, व वर प्रत्येक जादा टनाला २,०००. पुढच्या ज्या लोखंडी गार्डावर विंच चढवतात, त्या गार्डांवर कारवाई करण्यास केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाने २०१७ सालीच राज्यांना कळवले आहे. परवानगीशिवाय केलेल्या बदलामुळे विम्याचा क्लेम अडला, तर नंतर धावाधाव करून उपयोग होत नाही.

कॅरियर बसवून झालेल्या सभासदांनी रिकामी गाडी एकदा काट्यावर घालून वजन करून घ्यावी. आर. सी. बुकातील रिकामे वजन त्यातून वजा करावे. जो फरक येईल तेवढा माल पुढच्या खेपेपासून कमी भरावा.