उपासनेचे ऋण

छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या चर्चमध्ये रविवारी सकाळी मराठी उपासना चालू असता क्षणभर दाराशी थांबावे. प्रार्थना संपताच सर्वांच्या मुखातून ‘आमेन’ उमटते. गीतातून ‘हालेलुया’ ऐकू येते. हे शब्द इंग्रजांनी आणले, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. वस्तुतः ते मूळचे हिब्रू आहेत. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसविलेल्या ख्रिस्ती वसाहतीचे नाव होते ‘बेथेल’. त्याचाही हिब्रू अर्थ ‘देवाचे घर’. मराठवाड्याच्या मातीत रुजलेल्या या शब्दांचे माहेर कोणते, हे विचारावयास हवे.

येशू यहुदी होता आणि त्याचे पहिले शिष्यही यहुदीच होते. सभास्थानात धर्मग्रंथाचे वाचन करावे, त्यावर विवेचन व्हावे, स्तोत्रे म्हणावीत, ही वहिवाट त्यांच्या परिचयाची होती. मिसरच्या दास्यातून झालेल्या सुटकेचे स्मरण म्हणून यहुदी जो सण पाळतात, त्याला मराठी बायबलात ‘वल्हांडण’ म्हटले आहे. पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार येशूचे शेवटचे भोजन याच सणाचे होते. भाकर आणि द्राक्षारस यांबद्दल देवाचे आभार मानण्याच्या यहुदी रिवाजाची खूण प्रभुभोजनाच्या विधीत आजही दिसते.

तथापि यहुदी धर्म ही जीर्ण आई आणि ख्रिस्ती धर्म ही तिची तरुण मुलगी, ही उपमा अपुरी आहे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि तेथील यज्ञविधी थांबले. त्यानंतर यहुदी धर्मगुरूंनी घर व सभास्थान यांच्याभोवती उपासनेची नवी घडी बसविली. त्याच सुमारास ख्रिस्ती मंडळ्याही आपली उपासना घडवीत होत्या. तेव्हा या दोघी एकाच घरातून निघालेल्या बहिणीच म्हणावयास हव्यात.

या दोन बहिणींची भेट महाराष्ट्रातही झाली. कोकणातील बेने इस्रायल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुंबईत १७९६ मध्ये त्यांचे सभास्थान उभे राहिले. पुढे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा होता. धर्मांतरे फारशी झाली नाहीत; उलट मिशनच्या शाळांत मिळालेली हिब्रू विद्या बेने इस्रायलांनी स्वधर्माच्याच कामी लावली. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा ‘हग्गादा’ १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. पुढे त्यांनी बायबलातील आख्यानांवर मराठी कीर्तने रचली. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींनीही कीर्तनाचीच वाट धरली होती. दोन्ही बहिणींनी आपापल्या देवाचे गुणगान संतांच्या भूमीतील चालीवर केले.

या इतिहासाचे महत्त्व केवळ पांडित्यापुरते नाही. युरोपात चर्च हे ऋण विसरले, येशूच्या मृत्यूचा दोष त्याने संपूर्ण यहुदी समाजावर लादला आणि त्याची किंमत लाखो निरपराधांनी मोजली. रोमन कॅथलिक चर्चने तो सरसकट आरोप अधिकृतपणे नाकारला, तो थेट १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. आपल्या कोकणात यहुद्यांचा धर्मासाठी छळ झाला नाही, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांची स्मृतीही आपल्यातून निघून गेली.

आपल्या पाठ्यपुस्तकांत धर्म येतात ते स्वतंत्र प्रकरणे बनून. जणू एकाचा दुसऱ्याशी कधी व्यवहारच झाला नाही. प्रत्यक्षात देवघेव न करता मोठा झालेला धर्म शोधून सापडणार नाही. पैशाचे कर्ज फेडले की खाते बंद होते. संस्कृतीचे ऋण फेडता येत नाही, ते केवळ मान्य करावयाचे असते. ते मान्य करणाऱ्याला शेजाऱ्याच्या देवघराचा द्वेष करणे मात्र अवघड जाते.