अनुबंधन क्षीणन, अल्पकालीन

एका तंत्रिका कोशिकेकडून (मज्जापेशीकडून) दुसऱ्या कोशिकेकडे किंवा स्नायूकडे संदेश जेथे पोहोचविला जातो, त्या संपर्कस्थानाला अनुबंधन म्हणतात. तंत्रिका आवेग (तंत्रिका तंतूतून जाणारी क्षणिक विद्युत् स्पंदने) एकामागून एक वेगाने येऊ लागले म्हणजे पुष्कळ अनुबंधनांत प्रत्येक पुढील आवेगाचा परिणाम आधीच्यापेक्षा कमी होत जातो आणि थोड्या विश्रांतीनंतर तो पूर्ववत होतो. या आविष्काराला अल्पकालीन अनुबंधन क्षीणन म्हणतात. त्याच्या स्पष्टीकरणासाठी गणितीय प्रतिमाने (यंत्रणेतील आवश्यक तेवढेच घटक घेऊन मांडलेली समीकरणे) वापरतात व ती बहुधा संगणकाच्या साहाय्याने सोडवितात.

प्रेषकाची मुक्ती : अनुबंधनाच्या अलीकडील टोकात ॲसिटिलकोलीन, ग्लुटामेट यांसारखे प्रेषक द्रव्य सूक्ष्म पुटिकांमध्ये साठविलेले असते. आवेग टोकाशी आला की, कॅल्शियमाचे आयन (विद्युत् भारित अणू) आत शिरतात. पटलालगत सज्ज असलेल्या पुटिकांपैकी काही पटलाशी एकरूप होऊन रित्या होतात आणि प्रेषक पलीकडील ग्राहींवर पोहोचते. पॉल फॅट व बर्नार्ड कॅट्झ यांना १९५२ मध्ये बेडकाच्या स्नायूत आवेग नसतानाही सुमारे अर्ध्या मिलिव्होल्टचे विद्युत् बदल अधूनमधून आढळले. होसे देल कास्तियो व कॅट्झ यांनी १९५४ मध्ये असे दाखविले की, आवेगाला मिळणारा प्रतिसाद अशाच लहान एककांचा मिळून बनलेला असतो. सज्ज एककांची संख्या आणि प्रत्येक एकक मुक्त होण्याची संभाव्यता यांचा गुणाकार म्हणजे सरासरी मुक्ती होय. ही संभाव्यता कॅल्शियमावर अवलंबून असते. डॉज व रहामिमॉफ यांच्या १९६७ च्या प्रयोगांनुसार कॅल्शियमाचे प्रमाण कमी असताना मुक्ती त्याच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते; म्हणजे कॅल्शियम दुप्पट केल्यास मुक्ती जवळजवळ सोळापट होते.

साठ्याचे प्रतिमान : सज्ज साठा मर्यादित असून तो भरून येण्यास वेळ लागतो, ही कल्पना लायली व नॉर्थ यांनी १९५३ मध्ये सस्तन प्राण्यांच्या तंत्रिका-स्नायू संधीच्या अभ्यासातून मांडली. तिचे गणित सोपे आहे. पूर्ण साठा १०० मानू. प्रत्येक आवेग उपलब्ध साठ्यातील निम्मा भाग खर्च करतो आणि उरलेली तूट ८०० मिलिसेकंदांच्या कालस्थिरांकाने भरून येते (म्हणजे तेवढ्या वेळात तुटीचा सुमारे ६३% भाग भरतो), असे धरू. सेकंदास २० आवेग आल्यास पहिल्या चार आवेगांना मुक्ती अनुक्रमे सुमारे ५०, २७, १५ व १० मिळते आणि पुढे ती ६ च्या जवळ स्थिरावते. आवेग सेकंदास ४० केल्यास ती सुमारे ३ वर स्थिरावते. आवेग दुप्पट, प्रत्येकाचा परिणाम निम्मा. त्यामुळे दर सेकंदाची एकूण मुक्ती जवळजवळ तेवढीच राहते.

मिशा त्सोदिक्स व हेन्री मार्क्राम यांनी १९९७ मध्ये मेंदूच्या बाह्यकातील कोशिकांना असे प्रतिमान लावले. लॅरी ॲबट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी याचा महत्त्वाचा निष्कर्ष दाखविला. दीर्घकाळ टिकणारा वेग अशा अनुबंधनातून फारसा कळत नाही. मात्र वेग एकाएकी बदलला तर साठा नव्या पातळीवर येईपर्यंत प्रतिसाद वाढतो आणि ही वाढ बदलाच्या प्रमाणावर अवलंबून असते. २० वरून २२ आणि १०० वरून ११० हे बदल त्यामुळे जवळजवळ सारखेच जाणवतात. अशा रीतीने क्षीणन हा निव्वळ थकवा नसून मंद व वेगवान संदेशांना समान वाव देणारी ती एक योजनाही ठरते.

मर्यादा : हे प्रतिमान सरासरीचे आहे, प्रत्यक्षात मुक्ती यदृच्छेने कमीजास्त होते. साठा भरून येण्याचा वेगही कायम नसतो. टोकात साचलेल्या कॅल्शियमामुळे तो वाढतो. काही अनुबंधनांत ग्राहींची संवेदनक्षमता घटल्यामुळे किंवा आत येणारे कॅल्शियम कमी झाल्यामुळेही क्षीणन होते. श्रवणमार्गातील हान्स हेल्ड यांनी १८९३ मध्ये वर्णिलेल्या मोठ्या अनुबंधनात ही कारणे वेगळी करून मोजता आली आहेत, कारण त्याच्या टोकाच्या आकारमानामुळे तेथे विद्युत् अग्रे थेट बसविता येतात.

वैद्यकातील उपयोग : निरोगी स्नायूतही पाठोपाठच्या आवेगांनी प्रेषकाची मुक्ती घटते, परंतु ती गरजेपेक्षा बरीच जास्त असल्याने आकुंचनात फरक पडत नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या विकारात ग्राहींची संख्या घटलेली असते. त्यामुळे एरवी झाकलेले हे क्षीणन उघड होते आणि रुग्णाचे स्नायू वापरासरशी दुबळे होत जातात. सेकंदास २ ते ५ वेळा तंत्रिका उद्दीपित केल्यावर प्रतिसादात १०% हून अधिक घट आढळणे हे या विकाराचे गमक मानतात. लँबर्ट-ईटन विकारात याउलट कॅल्शियमाचे प्रवेशमार्गच कमी झालेले असतात. पहिल्या आवेगाला मुक्ती अल्प होते, परंतु वेगवान उद्दीपनाने कॅल्शियम साचून प्रतिसाद वाढतो. दुबळेपणा दोन्हींत दिसतो. मात्र पहिल्यात दोष ग्राहींचा व दुसऱ्यात मुक्तीच्या संभाव्यतेचा असल्याने हे विकार वेगळे ओळखता येतात.