चढते गुण, विसरभोळी दारे

आपल्या राज्यातल्या प्रवेश अर्जात ‘मी सुधारलो’ असं सांगायला एकही रकाना नाही. दहावीच्या गुणांना रकाना आहे, बारावीच्या गुणांना आहे, जात, उत्पन्न, आधार, बँक खातं, सगळ्यांना आहे. पण दहावीत 48 टक्क्यांवर अडकलेलं पोरगं बारावीत 67 वर कसं आलं, मधली दोन वर्षं त्यानं काय केलं, हे विचारणारा रकाना मला आजवर दिसलेला नाही. आणि अर्ज तर मी पोटापाण्यासाठीच भरते.

नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्राला लागून असलेल्या महादुल्यात माझं ऑनलाइन सेंटर आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, लाइट बिल, सातबारा ही बारमाही कामं. मे ते सप्टेंबर मात्र ॲडमिशनशिवाय दुसरं काही सुचत नाही. येणारे पालक म्हणजे वीज केंद्रात ठेकेदाराकडे लागलेले कामगार, सिल्लेवाड्याच्या खाणीतले, जगदंबेच्या मंदिराबाहेर नारळ-ओटी विकणारे. गुणपत्रिका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, फोल्डर शर्टाच्या आत. प्रश्न एकच : “ताई, माह्या पोट्ट्याले दहावीत 48च होते. आता चांगले पडले. नंबर लागते का कुठं?”

लागतो. पण गुण चढले म्हणून लागत नाही. आपल्याकडचं प्रत्येक दार एखाददुसरा आकडा पाहतं आणि त्याआधीचं बहुतेक विसरून जातं. कुठलं दार काय विसरतं एवढं कळलं, की निम्मी चिंता तिथेच मिटते.

दोन ओळी वेगळ्या वाचा

प्रत्येक अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत दोन गोष्टी असतात आणि पालक त्या हमखास एकात एक करतात. पहिली पात्रता : आत यायला किमान किती गुण हवेत. दुसरी गुणवत्ता यादी : आत आलेल्यांची रांग कोणत्या आकड्यावर लावायची. इंजिनिअरिंगचंच बघा. पात्रतेसाठी बारावीत फिजिक्स, मॅथ्स आणि केमिस्ट्रीसारखा तिसरा विषय मिळून खुल्या वर्गाला 45 टक्के आणि राखीव वर्गाला 40 टक्के लागतात. म्हणजे 300 पैकी 135 किंवा 120. रांग लागते ती एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाईलवर. दहावीचे गुण लागतात ते दोघांचे आकडे अगदी सारखे आले आणि बाकीच्या कसोट्यांवरही तिढा सुटला नाही तर. एरवी तुमचे 48 टक्के तिथे कुणी पाहत नाही.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हे मला दर हंगामात नव्यानं सांगावं लागतं. 90 पर्सेंटाईल म्हणजे 200 पैकी 180 गुण नाहीत. परीक्षा देणाऱ्या दर 100 मुलांपैकी साधारण 90 जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून 80 पर्सेंटाईल पाहून घरात पेढे वाटणारे आणि तेवढ्याच पर्सेंटाईलला तोंड पाडून बसणारे, दोघांनाही मी आधी मागच्या वर्षीची कटऑफ यादी उघडून दाखवते.

सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे 50-50 प्रश्न एकेका गुणाचे, मॅथ्सचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीवर असतात, उरलेले बारावीवर. ज्याची गाडी अकरावीच्या शेवटाला रुळावर आली, त्याला ही रचना सोयीची आहे, कारण परीक्षेचा मोठा भाग त्याच्या चांगल्या वर्षावरच बेतलेला आहे.

पण पात्रतेची ओळ कमी आहे म्हणून ती ओलांडायचीच नाही असं नाही. एका मुलाची सीईटी उत्तम गेली होती. सगळा जीव क्लासच्या टेस्ट सिरीजमध्ये, बोर्डाचा अभ्यास परीक्षेच्या तोंडावर. फिजिक्स 43, केमिस्ट्री 45, मॅथ्स 40. बेरीज 128, वर्ग खुला. सात गुणांनी पर्सेंटाईल वाया गेला आणि वर्ष गेलं. फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रत्येकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे आणि मॅथ्सला 20 अंतर्गत असतात. कॉलेजात हजेरी लावून जर्नल वेळेवर पूर्ण केलं असतं, तरी सात गुण निघाले असते.

दहावीनंतरचं पहिलं वळण

दहावीच्या गुणांना सर्वात जास्त भाव असतो तो निकालानंतरच्या दोन महिन्यांत. 2025 च्या दहावीत राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला. कोकण 98.82 वर पहिलं, आमचा नागपूर विभाग 90.78 वर शेवटचा. एवढी मुलं पास होत असताना 48 टक्केवाल्याच्या बापाला आपलं पोरगं जगाच्या मागे पडलं असं वाटणारच.

अकरावीची यादी दहावीच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’वर लागते, म्हणजे सहापैकी चांगल्या पाच विषयांवर. पूर्वी केंद्रीय ऑनलाइन प्रवेश नागपूर महापालिकेच्या हद्दीतच होते. कोराडी-महादुला हद्दीबाहेर, त्यामुळे इथे थेट कॉलेजात जाऊन फॉर्म भरायचा. 2025-26 पासून अख्ख्या राज्याची एकच प्रक्रिया झाली आणि इथल्या मुलांनाही पसंतीक्रम भरावे लागायला लागले. कमी गुणांच्या मुलांच्या घरी मी एकच सांगते : शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजांनी यादी भरून ठेवू नका. सुधारायचं असेल तर रोज दोन बस बदलून जायच्या कॉलेजापेक्षा घराजवळचं, प्रॅक्टिकल नीट घेणारं कॉलेज बरं.

एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटी घेऊन अकरावीत बसता येतं आणि पुरवणी परीक्षेत ते विषय काढता येतात. पास झालात पण टक्के मनासारखे नाहीत, तर श्रेणीसुधारची सोय आहे. पण तिथे सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात. 52 चे 58 करायला मी कुणाला तो रस्ता सांगत नाही. तेवढीच मेहनत पुढच्या दारावर केली तर जास्त फळते.

उशिरा जागं होणाऱ्यांसाठी डिप्लोमा

पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला दहावीत किमान 35 टक्के लागतात आणि यादी दहावीच्याच गुणांवर लागते. म्हणजे सदरच्या शासकीय तंत्रनिकेतनात नंबर लागणं 48 टक्केवाल्याला कठीण, खासगी पॉलिटेक्निकमध्ये शक्य. एकदा आत गेलं की मात्र खेळ नव्यानं सुरू होतो. तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमानंतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्या यादीसाठी आजवर आम्ही अर्जात भरत आलो ते शेवटच्या वर्षाचे, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरचे एकत्रित गुण. पहिल्या सेमिस्टरला मॅथ्स दोनदा राहिलेला मुलगा शेवटच्या वर्षी 84 टक्के आणतो आणि यादीत 84 टक्केवाला म्हणूनच उभा राहतो. त्या वर्षीची नियमावली वाचूनच पुढं जा, नियम बदलतात. पण चढत्या गुणांच्या मुलाला इतकं मानवणारं दुसरं दार मला माहीत नाही. या प्रवेशासाठी मंजूर जागांच्या 10 टक्के जास्तीच्या जागा असतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही मिळतात.

आयटीआयला आमच्याकडे ‘काहीच नाही जमलं तर’ म्हणून पाठवतात. वीज केंद्राच्या गावात तरी असं म्हणू नये. महानिर्मितीत तंत्रज्ञ-3 साठी आयटीआय लागतो, कनिष्ठ अभियंत्याला डिप्लोमा, सहायक अभियंत्याला पदवी, आणि वर लेखी परीक्षा. दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर झालेला मुलगा थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो, तिथून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. वेळ जास्त लागतो. पण दहावीचे 41 टक्के या जिन्यावर पहिल्या पायरीलाच मागे राहतात.

कुठली दारं विसरत नाहीत

नागपुरात शिकायचं आणि ‘व्हीएनआयटी’चं नाव घरात निघालं नाही, असं होत नाही. तिथली रांग जेईई मेनच्या रँकवर लागते, पण बारावीत 75 टक्के, एससी-एसटीला 65 टक्के, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाईलमध्ये असणं ही अट आहे. दहावी तिथेही विचारत नाहीत. मेडिकलसाठी नीटच्या दारात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून 50 टक्के, राखीव वर्गाला 40, आणि पुढं सगळं नीटच्या गुणांवर.

जुने गुण परत भेटतात ते कॅम्पसमध्ये. नोकरी द्यायला आलेल्या काही कंपन्या दहावी, बारावी, पदवी तिन्हीकडे 60 टक्के मागतात. 48 टक्केवाल्या मुलाला हे पहिल्याच वर्षी सांगावं, शेवटच्या वर्षी नाही. मग तो गेट, एमपीएससी किंवा सरकारी कंपन्यांच्या परीक्षांकडे वेळेत वळतो. एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते, दहावीची टक्केवारी नाही.

दुसरं दार बीए, बीकॉम, बीएस्सीचं. नव्या शैक्षणिक धोरणात सीजीपीए सगळ्या सेमिस्टरची सरासरी धरतो. पहिल्या सेमिस्टरला घसरलात तर ते ओझं शेवटपर्यंत वाहावं लागतं. शाळेतून उशिरा जागं झालेल्या मुलानं कॉलेजात पहिले सहा महिने ‘जरा रुळू दे’ म्हणून घालवू नयेत.

तिकडे वाचतात, इकडे मोजतात

माझी नणंद कॅलिफोर्नियात असते. तिच्या मुलीचे गुण नववीला वाईट होते, नंतर सुधारले. तिकडे नववी ते बारावी अशा चारही वर्षांची गुणपत्रिका कॉलेजला जाते, त्याची सरासरी चारपैकी काढतात. मी म्हटलं, हिचं कठीण आहे. पण तिथल्या बऱ्याच कॉलेजांत अर्ज वाचायला माणूस बसलेला असतो. गुण चढले की पडले, विषय सोपे घेतले की अवघड, शाळेचं पत्र काय म्हणतं, मुलानं स्वतःबद्दल काय लिहिलं, सगळं तो बघतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर सरासरी काढताना नववीचे गुण धरतच नाही, दहावी-अकरावीचे धरते. नववीच्या विषयांत निदान ‘सी’ श्रेणी असली की झालं. तेही नाही जमलं तर दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून तिथल्या गुणांवर विद्यापीठात जाता येतं.

ऐकायला छान वाटतं. पण गुण का चढले हे सुंदर इंग्रजीत लिहिता येणं, पत्र लिहून देणारे शिक्षक असणं, हेही तिथे लागतं. महादुल्यातल्या ठेका कामगाराच्या मुलाला निबंधापेक्षा आकडाच बरा पडतो. आकडा कोरडा आहे, पण त्याला बापाचं काम विचारायचं नसतं.

पैशाचं गणित आणि घाई

कमी गुणांच्या घरात मॅनेजमेंट कोट्याचा फोन सगळ्यात आधी येतो. “आजच सीट पक्की करा, उद्या नाही मिळणार.” थांबा. फीची सवलत बहुतेक केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, म्हणजे ‘कॅप’मधूनच मिळते. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. संस्थेच्या कोट्यातून गेलात तर ती हातची जाते. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तेच घ्यावं लागतं, म्हणून पहिल्या ओळीवर खरंच हवं ते कॉलेज टाका. नॉन-क्रिमिलेयर आणि जात वैधता निकालाच्या आधी तयार ठेवा. माझ्यासमोर गुणांपेक्षा कागदांनी जास्त पोरं मागे राहिली आहेत.

वाढ कशात झाली ते बघा

शेवटी मी गुणपत्रिका उलटसुलट करून बघते, कारण ‘गुण वाढले’ हे वाक्य पालक एका बेरजेवरून बोलतात. एक मुलगी 51 वरून 68 वर आली होती. घरी इंजिनिअरिंगचं ठरलेलं. मी विषयवार पाहिलं तर वाढ इंग्रजी, मराठी आणि बायोलॉजीत होती, मॅथ्स काठावर. टक्के चढले होते, पण इंजिनिअरिंगच्या दारात ते चढलेले गुण फारसे कामाचे नव्हते. तिनं बीएस्सी घेतली, मायक्रोबायोलॉजीकडे वळली आणि तिथे बायोलॉजीचेच गुण उपयोगी पडले. उलट दुसऱ्या एकाची एकूण टक्केवारी जेमतेम चार टक्क्यांनी वाढलेली, पण फक्त मॅथ्स 38 वरून 71. बापाला ती सुधारणा दिसलीच नव्हती.

म्हणून अर्ज भरायला येताना शेवटच्या दोन-तीन गुणपत्रिका समोरासमोर ठेवा आणि प्रत्येक विषयापुढे बाण काढा, वर की खाली. मग पुस्तिकेतली पात्रतेची आणि गुणवत्तेची ओळ काढा आणि वरचे बाण त्यांतल्या कोणत्या विषयांवर पडतात ते तपासा. जिथे पडतील तो पसंतीक्रम पहिला. हे काम अर्ध्या तासाचं आहे, माझ्या सेंटरवर त्याचे पैसे नाहीत. अर्जाचे आहेत.